७०० एचव्ही म्हणजे ६० एचआरसी, पण कोणत्या धातूसाठी?

ड्रॉइंगवर लिहिलंय ५८–६२ एचआरसी, म्हणजे रॉकवेलच्या सी स्केलवरची हार्डनेस (धातूचा कडकपणा). लॅबच्या रिपोर्टात आलंय ७०० एचव्ही, म्हणजे व्हिकर्स पद्धतीचा आकडा. जॉब पास की रिजेक्ट? मशीनशेजारी भिंतीवर चिकटवलेल्या चार्टवर बोट फिरवलं की ७०० समोर ६० सापडतं आणि लॉट पुढे जातो. साध्या हार्ड केलेल्या पोलादासाठी हे उत्तर बरोबरही असतं. पण त्याच चार्टवरून स्टेनलेसचा, पितळेचा किंवा बिडाचा (कास्ट आयर्नचा) आकडा काढला की उत्तर चुकतं. आणि चुकल्याचं कळत नाही, कारण चार्ट कधीच ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही.

इंच आणि मिलिमीटरचं नातं ठरवून दिलेलं आहे, २५.४. धातू बदलला म्हणून ते बदलत नाही. हार्डनेसच्या स्केलांमध्ये असं नातंच नाही. एका जातीच्या धातूचे बरेच नमुने घ्यायचे, प्रत्येकावर दोन्ही पद्धतींनी ठसे पाडायचे, आकड्यांच्या जोड्या कागदावर मांडायच्या आणि त्यांच्यामधून एक रेघ ओढायची. चार्ट तयार होतो तो असा. ती रेघ त्या धातूपुरती आणि तेवढ्या पट्ट्यापुरतीच खरी.

प्रत्येक मशीन वेगळंच काहीतरी मोजतं

स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेलने १९०० मध्ये मांडलेली पद्धत अजूनही फाउंड्रीत आणि फोर्जिंगमध्ये चालते. १० मिमीचा बॉल, ३००० किलोचा लोड, १० ते १५ सेकंद दाबून ठेवायचा आणि लोड काढल्यावर ठशाचा व्यास मायक्रोस्कोपने वाचायचा. लोडला ठशाच्या वक्र क्षेत्रफळाने भागलं की एचबी, म्हणजे ब्रिनेलचा आकडा.

रॉकवेलमध्ये ठसा बघायचाच नसतो. कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टलच्या न्यू डिपार्चर कंपनीत बेअरिंगच्या रेसेस झटपट तपासायला ह्यू आणि स्टॅन्ले रॉकवेल यांनी ही पद्धत काढली. पेटंटचा अर्ज १९१४ चा. आधी १० किलोचा प्राथमिक लोड, मग एकूण १५० किलो, मग पुन्हा १० किलोवर परत, आणि शेवटी डायमंड कोन कायमचा किती खोल गेला ते मोजायचं. सी स्केलवर एक पॉइंट म्हणजे २ मायक्रॉन खोली. म्हणजे ६० एचआरसीला कोन (१०० − ६०) × २ = ८० मायक्रॉन आत असतो आणि २० एचआरसीला १६० मायक्रॉन. ही ८० मायक्रॉनची खोली लक्षात ठेवा. केस हार्डनिंगच्या (फक्त वरचा थर कडक, गाभा मऊ) जॉबला तिचाच हिशेब लागतो.

व्हिकर्समध्ये १३६ अंशांचा चौकोनी पिरॅमिड. लोड किलोत आणि कर्ण मिमीत घेतला तर एचव्ही = १.८५४४ × लोड ÷ कर्णाचा वर्ग. १३६ हा आकडा उगाच निवडलेला नाही. ब्रिनेलचा ठसा सहसा बॉलच्या व्यासाच्या पाव ते अर्धा भरतो. मधला ०.३७५ पकडला, तर ठशाच्या कडेला बॉलवर काढलेल्या स्पर्शरेषांमधला कोन १३६ अंश येतो. म्हणूनच मऊ आणि मध्यम पोलादात एचव्ही आणि एचबी जवळजवळ सारखे दिसतात. दोन्ही पद्धती धातूला साधारण तितकाच चेपतात. पिरॅमिड खालचा धातू सुमारे ८ टक्के चेपतो, मग तो मऊ असो की कडक. बॉलखाली मात्र ही टक्केवारी ठशाच्या मापावर ठरते: ठशाचा व्यास बॉलच्या पाव असेल तर ५ टक्के, निम्मा असेल तर १०.

खरी गोम इथेच आहे. काही धातू चेपले जाताजाताच कडक होतात. ते किती पटकन कडक होतात, ते धातूधातूवर अवलंबून. बॉल, कोन आणि पिरॅमिड धातूला वेगवेगळ्या प्रमाणात चेपतात, म्हणून दोन धातूंचे एचआरबी (रॉकवेलच्या बी स्केलचे, कोनाऐवजी बॉलने घेतलेले आकडे) अगदी एकसारखे आले तरी एचबी वेगळे निघू शकतात.

पोलादाचे आकडे

एएसटीएम या अमेरिकी संस्थेचं ई१४० हे हार्डनेसच्या रूपांतराचं मानक. त्यातल्या ऑस्टेनिटिक नसलेल्या (म्हणजे ३०४, ३१६ सारखं स्टेनलेस सोडून बाकीच्या) पोलादाच्या तक्त्यातल्या रोज लागणाऱ्या ओळी अशा आहेत. एचबीडब्ल्यू म्हणजे टंगस्टन कार्बाइडच्या बॉलने, ३००० किलोवर घेतलेली ब्रिनेल.

२० एचआरसी – २३८ एचव्ही – २२६ एचबीडब्ल्यू
३० एचआरसी – ३०२ एचव्ही – २८६ एचबीडब्ल्यू
४० एचआरसी – ३९२ एचव्ही – ३७१ एचबीडब्ल्यू
५० एचआरसी – ५१३ एचव्ही – ४८१ एचबीडब्ल्यू
५८ एचआरसी – ६५३ एचव्ही – ६१५ एचबीडब्ल्यू
६० एचआरसी – ६९७ एचव्ही – ६५४ एचबीडब्ल्यू
६२ एचआरसी – ७४६ एचव्ही – ६८८ एचबीडब्ल्यू
६५ एचआरसी – ८३२ एचव्ही – ७३९ एचबीडब्ल्यू

शेवटचे तीन ब्रिनेल आकडे फक्त तुलनेसाठी आहेत. ब्रिनेलची मर्यादा ६५० एचबीडब्ल्यू. त्यापुढे कार्बाइडचा बॉलसुद्धा चपटा व्हायला लागतो. त्यामुळे ‘६२ एचआरसी म्हणजे ६८८ एचबी, मग ब्रिनेलवरच तपासून घेऊ’ हा मार्ग बंद. जुन्या चार्टवर स्टील बॉलचा वेगळा रकाना असतो आणि तिथे ५० एचआरसीसमोर ४८१ ऐवजी ४७५ दिसतं. स्टीलचा बॉल आधी चपटतो, ठसा रुंद पडतो, आकडा कमी येतो. आता स्टील बॉलची ब्रिनेल मानकांतून गेली आहे. तो रकाना वापरात असेल तर चार्टच बदला.

आता उतार पाहा. २० वरून २१ एचआरसीवर जायला ५ एचव्ही लागतात, ६० वरून ६१ वर जायला २३, आणि ६४ वरून ६५ वर जायला ३२. म्हणून ‘१० एचव्ही इकडेतिकडे चालतं’ असा सरसकट नियम कुणी सांगितला तर मान डोलावू नका. मऊ टोकाला १० एचव्ही म्हणजे २ एचआरसी, कडक टोकाला अर्ध्याहून कमी.

मधला आकडा काढायचा असेल तर शेजारच्या दोन ओळींमध्ये सरळ प्रमाण लावायचं. ७०० एचव्ही: ६० एचआरसी ६९७ वर, ६१ एचआरसी ७२० वर. ६० + ३/२३ = ६०.१३. रिपोर्टात लिहायचं ६०. दशांश चिन्हापुढचे आकडे कॅल्क्युलेटरने दिलेत, मशीनने नव्हे.

एक्सेलमध्ये सूत्रच हवं असेल तर एचआरसी = ११९ − √(२४,३०,००० ÷ एचव्ही) हे २४० ते १०४० एचव्हीच्या पट्ट्यासाठी वापरलं जातं. तक्त्याशी ताडून पाहिलं तर ८३२ ला ६५.०, ६९७ ला ६०.०, ५१३ ला ५०.२, ३०२ ला २९.३ येतं. झकास. पण २३८ टाकलं की १८.० येतं, तक्ता सांगतो २०. पट्ट्याच्या टोकाला सूत्र घसरतं ते असं. शीटमध्ये सूत्र टाकाल तर पट्ट्याबाहेरच्या आकड्याला रकाना रिकामा राहील अशी अटही टाका. नाहीतर १५० एचव्हीलाही ते बिनदिक्कत एचआरसी काढून देईल.

२० च्या खाली आणि १०० च्या वर

एचआरसी २० च्या खाली वापरायची नाही आणि एचआरबी १०० च्या वर न्यायची नाही. मऊ धातूत कोन इतका खोल शिरतो की सी स्केल बोथट होते. कडक धातूवर बी स्केलचा १/१६ इंची बॉल जेमतेम रुततो, त्यामुळे खोलीतला छोटासा फरकही आकडा हलवतो. तरीही ‘१४ एचआरसी’ लिहिलेले रिपोर्ट येतात. तो आकडा एचआरबी किंवा एचआरएवर (रॉकवेलची हलक्या लोडची ए स्केल) पुन्हा काढून मागावा.

या सांध्यावर खुद्द तक्त्यातच एक गंमत आहे. ई१४० च्या बी स्केलच्या तक्त्यात १०० एचआरबी म्हणजे २४० एचव्ही आणि एचबीही २४०. सी स्केलच्या तक्त्यात २० एचआरसी म्हणजे २३८ एचव्ही, पण एचबी २२६. म्हणजे २४० एचव्हीची ब्रिनेल एका तक्त्याने २४०, दुसऱ्याने साधारण २२८. आयएसओ १८२६५ हे रूपांतराचं आंतरराष्ट्रीय मानक एचबी सरळ एचव्हीच्या ०.९५ पट धरतं, म्हणून तिथेही २२८. कोणी चुकलेलं नाही, दोन्ही रेघा वेगवेगळ्या नमुन्यांवरून आल्या आहेत. पण गिऱ्हाइकाने एक तक्ता धरला आणि तुम्ही दुसरा, तर १२ पॉइंटांवरून वाद होणारच. नॉर्मलाइझ केलेले फोर्जिंग आणि मध्यम टेम्पर केलेले शाफ्ट नेमके याच पट्ट्यात बसतात. तक्त्याचं नाव ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं ते यासाठी.

आयएसओ १८२६५ मध्ये कमी मिश्रणाचं पोलाद, क्वेंच–टेम्पर केलेलं पोलाद, कोल्ड वर्क टूल स्टील, हाय-स्पीड स्टील यांचे तक्ते वेगवेगळे आहेत. डी२ या टूल स्टीलची डाय आणि ईएन२४ या क्वेंच–टेम्पर पोलादाचा शाफ्ट एकाच ओळीवर वाचू नयेत, हे त्यातून आपोआप कळतं.

स्टेनलेस, पितळ आणि बीड

३०४ आणि ३१६ चेपले की झपाट्याने कडक होतात, म्हणून ई१४० ने ऑस्टेनिटिक स्टेनलेसचे तक्ते वेगळे दिलेत. साध्या पोलादात १०० एचआरबी म्हणजे २४० एचबी, या स्टेनलेसमध्ये सुमारे २५६.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. एएसटीएम ए२४० या स्टेनलेस प्लेटच्या मानकात ३०४ च्या प्लेटची कमाल मर्यादा २०१ एचबी किंवा ९२ एचआरबी अशी आहे. प्लेटवर ब्रिनेल १९८ आली. प्लेट पास. पण कुणीतरी तो आकडा भिंतीवरच्या पोलादी चार्टवरून एचआरबीत नेला. तिथे ९२ समोर १९५ आणि ९३ समोर २००, म्हणजे १९८ ला साडेब्याण्णवच्या वर. प्लेट रिजेक्ट! चांगला माल परत जातो, दोन आठवडे पत्रव्यवहार चालतो. ३१६ मध्येही तेच: मानकात २१७ एचबी किंवा ९५ एचआरबी, पोलादी चार्टवर ९५ समोर २१०. मालाच्या मानकानेच दोन्ही स्केलवर मर्यादा दिली असेल तर ती जशीच्या तशी घ्यायची, मध्ये चार्ट आणायचा नाही. बोल्टचंही असंच. आयएसओ ८९८-१ मध्ये १०.९ ग्रेडला ३२० ते ३८० एचव्ही आणि ३२ ते ३९ एचआरसी हे दोन्ही पट्टे छापलेले आहेत.

पितळेत फरक आणखी मोठा. ७०–३० कार्ट्रिज ब्रासच्या तक्त्यात १९६ एचव्हीसमोर ९३.५ एचआरबी आणि १६९ एचबी आहे, आणि तीही ५०० किलोवरची ब्रिनेल. पोलादाच्या चार्टवर हाच १९६ एचव्ही १९० च्या आसपास एचबी दाखवेल. ब्रिनेलमध्ये लोड बदलला की आकडा बदलतो, तो बदलत नाही फक्त लोड आणि बॉलच्या व्यासाचा वर्ग यांचं गुणोत्तर सारखं ठेवलं तर. १० मिमीला ३००० किलो, ५ मिमीला ७५० आणि २.५ मिमीला १८७.५ ही तिन्ही गुणोत्तरं ३० येतात. या तिघांचे आकडे एकमेकांशी तोलता येतात. १० मिमीला ५०० किलो म्हणजे ५. तो आकडा ३० वाल्याशेजारी ठेवायचा नाही. नुसतं ‘एचबी १६९’ लिहिलेला रिपोर्ट यामुळेच अपुरा ठरतो.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्र्यांना कधीकधी बाहेरचं गिऱ्हाईक बिडाच्या कास्टिंगसाठी रॉकवेलचा आकडा मागतं. साध्या बिडाला ई१४० मध्ये तक्ताच नाही. बीड म्हणजे पोलादासारखा पाया आणि त्यात पसरलेल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्या. ब्रिनेलचा मोठा ठसा दोन्हींची सरासरी घेतो. रॉकवेलचा कोन नेमका कुठे बसला, पायावर की पापुद्रीवर, त्यावर आकडा ठरतो. मायक्रो व्हिकर्स (अगदी हलक्या लोडची, बारीक ठशाची) तर फक्त पाया मोजतं आणि कास्टिंगच्या ब्रिनेलपेक्षा बराच वरचा आकडा देतं. गिऱ्हाइकाला सरळ सांगावं: १० मिमी आणि ३००० किलोची ब्रिनेल देतो, रॉकवेल नाही. तरीही हट्ट असेल तर त्याच ग्रेडच्या, त्याच जाडीच्या तुकड्यांवर दोन्ही मापं घेऊन दोघांनी मिळून स्वतःचा छोटा तक्ता करावा. तो फक्त त्या पार्टपुरता.

केस हार्डनिंग: कोन थर भेदून जातो

रॉकवेलच्या डायमंडसाठी जाडी ठशाच्या खोलीच्या किमान दहापट हवी. ६० एचआरसीला खोली ०.०८ मिमी, म्हणजे ०.८ मिमी. कार्बरायझिंगचा (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेला) थर ०.३ मिमी असेल तर १५० किलोचा कोन थराखालच्या मऊ गाभ्याला दाबतो आणि आकडा ५४–५५ वर येतो. हीट ट्रीटमेंटवाल्याला फोन जातो, तो त्याच्या मायक्रो व्हिकर्सवर ६९० दाखवतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

अशा पातळ थरासाठी ड्रॉइंगवरचं ५८–६२ एचआरसी हलक्या लोडवर तपासायचं. एचआर१५एन (त्याच कोनाची, पण १५ किलोची रॉकवेल) वर हाच पट्टा ८९.३ ते ९१.१ इतका आकसतो, फक्त १.८ पॉइंट. तिथे एका पॉइंटची चूक म्हणजे २ एचआरसीहून जास्त. एचआर३०एन (३० किलोची) वर पट्टा ७५.७ ते ७९.३, जरा श्वास घेता येतो. थर परवानगी देत असेल तर ३०एन बरं, नाहीतर एचव्ही१ (१ किलोची व्हिकर्स): ६५३ ते ७४६. एचव्ही१ चा ठसा ६० एचआरसीच्या आसपास जेमतेम ७ मायक्रॉन खोल जातो, त्यामुळे थर पातळ असूनही गाभा मध्ये येत नाही. मात्र ७ मायक्रॉन म्हणजे पृष्ठभागाची सगळी पापंही दिसणार: ग्राइंडिंगचा भाजका थर, डीकार्ब (कार्बन उडून गेलेला मऊ थर), उरलेलं ऑस्टेनाइट (हार्डनिंगमध्ये न बदललेला मऊ अंश). वर एचव्ही कमी आणि थोडं खरवडल्यावर जास्त आलं तर चार्टला दोष देऊ नका. मशीन तुम्हाला डीकार्ब दाखवतंय.

थराची खोली सांगताना आणखी एक खड्डा आहे. युरोपीय रीतीने केस डेप्थ म्हणजे ५५० एचव्हीपर्यंतचं अंतर. अमेरिकी ड्रॉइंगवर बहुधा ५० एचआरसीपर्यंतचं. ५० एचआरसी म्हणजे ५१३ एचव्ही, तर ५५० एचव्ही म्हणजे ५२ च्या थोडं वर. दोन्हींत ३७ एचव्हीचा फरक. समजा त्या भागात दर ०.१ मिमीला ५० एचव्ही उतरत असतील, तर गिअरच्या त्याच दातावर एकाला केस डेप्थ ०.०७ मिमी जास्त दिसेल. ०.६ ते ०.८ मिमीची टॉलरन्स असलेल्या गिअरवर हे पास–नापासचं अंतर आहे. इथे एचआरसीत फिरवाफिरव नकोच. ग्राफ एचव्हीत काढा, कट-ऑफ कोणता ते ड्रॉइंगवर लिहून घ्या.

पोर्टेबल मशीनच्या पडद्यावरची एचआरसी

डीटमार लीबने १९७५ मध्ये आणलेल्या पद्धतीत कार्बाइडची, गोल टोकाची गोळी धातूवर आपटते. उसळतानाचा वेग भागिले आपटतानाचा वेग, गुणिले १०००, हा एचएल. पडद्यावर एचआरसी किंवा एचबी दिसते ती मशीनच्या पोटातल्या तक्त्यातून आलेली असते. म्हणजे इथे प्रत्येक आकडा रूपांतरितच. मेनूत धातूचा गट निवडावा लागतो, आणि काल कुणीतरी ‘ग्रे आयर्न’वर ठेवलेलं मशीन आज पोलादाच्या शाफ्टवर चालतं, ही सर्वांत नेहमीची चूक. उसळी धातूच्या लवचिकतेवरही अवलंबून असते, म्हणून पोलादाच्या सेटिंगवर ॲल्युमिनिअम किंवा टायटॅनिअम मोजायचंच नाही.

डी प्रकारच्या प्रोबला जॉब ५ किलोहून जड आणि सुमारे २५ मिमी जाड हवा. २ ते ५ किलोचा असेल तर भक्कम आधारावर ठेवावा, त्याहून हलका असेल तर जड प्लेटला मधे पेस्ट लावून घट्ट चिकटवावा. पातळ पाइपवर भिंत लचकते, गोळी कमी उसळते, आकडा खाली येतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तरी तेच. साइटवर पाइप ‘सॉफ्ट’ निघाला की आधी जाडी आणि पॉलिश बघा, मग धातूवर संशय घ्या. मूळ एचएलडी (डी प्रोबचा एचएल) आकडा रिपोर्टात लिहायलाच हवा. त्याशिवाय नंतर कोणत्याही तक्त्यावर परत जाता येत नाही. आणि पडद्यावरची एचबी घेऊन तिची भिंतीवरच्या चार्टवरून एचआरसी, त्या एचआरसीवरून टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद), अशी तीन उड्यांची साखळी अजिबात नको. प्रत्येक उडीत आधीची चूक सोबत येते.

मापातली चूक आधी मोजा

रूपांतराला शिव्या देण्याआधी मूळ माप तपासावं. ब्रिनेलचा ठसा ३.१५ मिमी वाचला तर ३७५ एचबी, ३.२० वाचला तर ३६३. मायक्रोस्कोपवर ०.०५ मिमीने नजर चुकली की १२ एचबी, म्हणजे जवळजवळ सव्वा एचआरसी गेली. व्हिकर्समध्ये ६९७ च्या धातूवर १० किलोने कर्ण ०.१६३ मिमी पडतो. १ मायक्रॉन चुकला तर ८ एचव्हीचा फरक. त्याच धातूवर १ किलोने कर्ण ०.०५२ मिमीच. १ मायक्रॉनची चूक तिथे २६ एचव्ही खाते, म्हणजे एका एचआरसीहून थोडं जास्त. त्यामुळे एचव्ही१ वरून काढलेली ५७.९ आणि ५८.१ यांच्यात फरक करण्यात अर्थ नाही. सीमेवरचा लॉट असेल तर रूपांतरित आकड्यावर निकाल देऊ नये. ड्रॉइंगने मागितलेल्या स्केलवरच पुन्हा ठसे घ्यावेत.

शाफ्टच्या गोलाईवर थेट रॉकवेल घेतली तर आकडा कमी येतो. त्यात व्यासाप्रमाणे दुरुस्ती मिळवायची असते, आणि ती रूपांतराच्या आधी. उलट क्रमाने केलं तर चूक राहतेच, कारण दुरुस्तीचा तक्ता रॉकवेलच्या पॉइंटांत दिलेला आहे आणि वर पाहिल्याप्रमाणे पॉइंटाची किंमत सगळीकडे सारखी नाही.

हार्डनेसवरून टेन्साइल काढायची सवय सर्वत्र आहे. आयएसओ १८२६५ च्या साध्या पोलादाच्या तक्त्यात २०० एचव्हीला ६४०, ३०० ला ९६५ आणि ४०० ला १२९० एमपीए आहे, म्हणजे एचव्हीच्या साधारण ३.२ पट. मिसळलेल्या सळ्या वेगळ्या करायला, हीट ट्रीटमेंट लागली की नाही पाहायला हे पुरतं. केस हार्ड केलेल्या, कोल्ड ड्रॉ केलेल्या, ऑस्टेनिटिक किंवा बिडाच्या जॉबला हा गुणक लावू नये, आणि टेस्ट सर्टिफिकेटवर तर कधीच नाही.

रिपोर्टात कसं लिहायचं

ई१४० ची रीत साधी आहे. मोजलेला आकडा आधी, रूपांतरित आकडा कंसात: ३५३ एचबीडब्ल्यू (३८ एचआरसी). कंस पाहताच वाचणाऱ्याला कळतं की रॉकवेल मशीनला हात लागलेला नाही. आयएसओच्या रीतीत रूपांतरित आकड्यासोबत मानकाचा क्रमांक, तक्त्याचा क्रमांक आणि मूळ पद्धत येते. दोन्हींपैकी काहीही पाळा, पण नुसतं ‘३८ एचआरसी’ लिहून मूळ ब्रिनेल गाळू नका.

पर्चेस ऑर्डरमध्ये चार गोष्टी आल्या की निम्मे वाद सुरूच होत नाहीत: स्वीकारायची स्केल आणि लोड, रूपांतर चालेल की नाही, चालत असेल तर कोणत्या मानकाचा कोणता तक्ता, आणि ठसा कुठे घ्यायचा. आंबट वायूच्या (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या वायूच्या) सेवेतल्या पाइपिंगसाठी आयएसओ १५१५६ हेच करतं. कार्बन स्टीलला २२ एचआरसीची मर्यादा, पण वेल्डजवळचा अरुंद पट्टा कोनाने मोजता येत नाही म्हणून तिथे थेट २५० एचव्ही. २२ एचआरसीचा तक्त्यातला जोडीदार २४८ आहे, २५० नाही. तिथे २४९ एचव्ही आलं तर जॉब पास आहे. चार्टवरून उलटं जाऊन ‘२२ च्या वर गेलं’ म्हणत इन्स्पेक्टरने तो अडवू नये, आणि अडवलाच तर मानकातली व्हिकर्सची ओळ त्याच्यासमोर ठेवावी.